दीडशे पिल्लं, एकच ऊब

एक साधा प्रश्न. गेल्या शुक्रवारी ऑफिसच्या गँगबरोबर तुम्ही जी तंदुरी हाणलीत, त्या कोंबडीचं वय काय असेल? वर्ष? सहा महिने? उत्तर आहे, साधारण सहा आठवडे. तुमचा नोटीस पीरियड तिच्या अख्ख्या आयुष्यापेक्षा मोठा! दोन किलोची झाली तरी तिचा आवाज पिल्लाचाच होता, चिवचिव. आणि रविवारी सकाळी ज्या अंड्याचं ऑम्लेट झालं, ते घालणारी कोंबडी मात्र किमान साडेचार-पाच महिन्यांची, बहुतेक त्याहून बरीच मोठी.

या दोघी आपल्या ताटात आठवड्यातून दोन-तीनदा भेटतात. पण त्यांच्यात किती अंतर आहे हे मला कळलं ते लासुर्ण्यात, मावशीच्या पडवीत, एका पत्र्याच्या गोल रिंगणापाशी बसून.

लासुर्णे म्हणजे बारामती-इंदापूर रस्त्यावरचं गाव. भवानीनगरचा साखर कारखाना मागे पडला, सणसर-बेलवाडी गेलं की लासुर्णे आणि थोडं पुढे जंक्शन. (हो, गावाचं नावच जंक्शन!) तिथून आत वळलात की वालचंदनगर. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, त्यामुळे जिकडे बघाल तिकडे ऊस. मावशीकडेही ऊसच. पण उसाचे पैसे वर्षातून एकदा, तेही तुकड्यातुकड्यांनी आणि काकांच्या खात्यावर. मावशीला स्वतःच्या हातात येणारा पैसा हवा होता, आठवड्याच्या आठवड्याला. म्हणून तिने बचत गटातून पंधरा हजार उचलले आणि अंड्यांसाठी शंभर पिल्लं सांगितली. ऱ्होड आयलंड रेड, गावात म्हणतात आर.आय.आर. तांबूस-तपकिरी रंगाची, परसात फिरून दाणे टिपणारी, तपकिरी अंडी देणारी. आपल्या पुण्यात ज्यांना 'गावठी' म्हणून जास्त पैसे मोजतो, त्यातली बरीचशी अंडी अशाच कोंबड्यांची असतात, हे जाता जाता.

प्रॉब्लेम एकच. आर.आय.आर. पहिलं अंडं देणार पाच-साडेपाच महिन्यांनी. बचत गटाचा हप्ता सुरू होणार पुढच्या महिन्यापासून.

"आगं, हप्ता काय कोंबडीला इचारून येतोय व्हय?" मावशी म्हणाली. आणि तिने त्याच दिवशी पन्नास 'बॉयलर'ची पिल्लं आणली. (गावात ब्रॉयलर कुणी म्हणत नाही, बॉयलरच.) हिशोब सोपा. बॉयलर सहा आठवड्यांत विकायचे आणि त्यावर हप्ते भरायचे, तोवर तलंगा मोठ्या होतील. आपल्या भाषेत सांगायचं तर पिवळी पिल्लं हा पगार आणि तपकिरी पिल्लं ही एसआयपी. दोन्ही एकाच वाड्यात, एकाच बल्बखाली. वेगळा ब्रूडर करायला जागा नाही, बल्ब नाही आणि पैसे तर नाहीतच.

२०२५ च्या ८ जूनला, रविवारी, पिल्लं आली. खोक्यातून दीडशे गोळे बाहेर पडले. मी स्वयंपाकाचा डिजिटल काटा घेऊन बसले होते. तपकिरी पिल्लू ३६ ग्रॅम, पिवळं ४१. पाच ग्रॅमचा फरक! "सारखीच की गं," मावशी म्हणाली. त्या दिवशी तरी सारखीच होती.

दाईचं काम

ब्रूडर म्हणजे काय, तर आई नसलेल्या पिल्लांची दाई. खुडूक कोंबडी पंखाखाली जी ऊब देते ती आपण विजेने द्यायची. मावशीचा ब्रूडर असा: दीड फूट उंच पत्रा गोल उभा केलेला, साधारण सहा फूट रुंद, पिल्लं वाढतील तसा तो सैल करत जायचा. खाली भाताचं तूस, दोन-तीन इंच. त्यावर पहिले काही दिवस वर्तमानपत्र, नाहीतर पिल्लं खाद्य समजून तूसच खातात. वर पत्र्याच्या टोपीखाली शंभर-शंभर वॅटचे दोन जुन्या पद्धतीचे पिवळे बल्ब. एलईडी इथे बिनकामाचा, कारण त्याला ऊबच नाही. बारामतीतल्या तीन दुकानांत फिरल्यावर हे दोन बल्ब मिळाले.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर तापमान ३५ अंश सेल्सिअस लागतं, मग दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी. पण मावशी थर्मामीटरकडे बघतच नव्हती, ती पिल्लांकडे बघायची. बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी. पत्र्याला चिकटून चोची उघडून धापा टाकत असली तर उकाडा. एकाच बाजूला गोळा झाली तर वारा येतोय. सगळीकडे सारखी पसरून निवांत असली तर सगळं ठीक. यापेक्षा चांगला डॅशबोर्ड मी कुठल्याच ऑफिसात पाहिलेला नाही.

पहिल्या दिवशी गुळाचं पाणी, कागदावर मक्याचा भरडा. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवायची, म्हणजे त्याला पाणी कळतं. दीडशे चोची! आम्ही दोघी आणि मावशीची धाकटी, पाऊण तास लागला. मग खाद्य. आणि इथे पहिली अडचण.

बॉयलरचं सुरुवातीचं खाद्य म्हणजे प्री-स्टार्टर, त्यात प्रथिनं बावीस-तेवीस टक्के. अंड्यावरच्या पिल्लांचं खाद्य, चिक मॅश, त्यात साधारण वीस टक्के. भांडी दोन ठेवली तरी पिल्लांना पाटी वाचता येत नाही. मावशीने गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पहिले दोन आठवडे सगळ्यांना बॉयलरचंच घाला, तपकिरी पिल्लांचं त्याने बिघडत नाही, जरा खर्च वाढतो इतकंच. उलटं केलं तर पिवळी मागे पडतील. पण मोठ्या कोंबड्यांचं अंड्यावरचं खाद्य चुकूनही पिल्लांना घालू नका, त्यात अंड्याच्या कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लांची मूत्रपिंडं जातात. जाता जाता ते असंही म्हणाले की, खरं तर अशी सरमिसळ करूच नये. कंपनीचे करारावरचे बॉयलर सांभाळणाऱ्यांना सहसा घरात दुसरी एक कोंबडीसुद्धा ठेवू देत नाहीत, रोग इकडचा तिकडे जातो म्हणून. करायचंच असेल तर दोन्ही पिल्लं एका वयाची, एकाच दिवशी आणलेली हवीत. ही तशी होती. सहाव्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांत लासोटाचा एकेक थेंब, मानमोडीसाठी. चौदाव्या दिवशी गंबोरो. लसीला रंगभेद नाही.

बॉयलरचा धंदा चुकीच्या ऑर्डरीतून

मुळात एकाच पक्ष्याच्या या दोन जाती झाल्या कशा? १९२३ साली अमेरिकेत डेलावेअर राज्यात सेसिल स्टील नावाच्या बाईंनी अंड्यांसाठी ५० पिल्लांची ऑर्डर दिली आणि चुकून ५०० आली. परत पाठवण्याऐवजी त्यांनी ती सांभाळली. अठरा आठवड्यांनी त्यातली ३८७ जगली होती, वजन जेमतेम किलोभर. अंड्यांच्या जातीची ती पिल्लं त्यांनी मांसासाठी विकली आणि इतका नफा झाला की १९२६ पर्यंत त्यांनी दहा हजार पिल्लांचं शेड बांधलं. आजच्या बॉयलर धंद्याची सुरुवात तिथून सांगतात. म्हणजे सुरुवातीला पिल्लू एकच होतं!

पुढे त्याची फाळणी झाली. १९४८ मध्ये अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' नावाची देशव्यापी स्पर्धाच झाली, कुणाची पिल्लं जास्त भरदार, त्याची. एका बाजूला छातीवर मांस चढवणारी घराणी निवडत गेले, दुसऱ्या बाजूला कमी खाऊन जास्त अंडी देणारी. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५७, १९७८ आणि २००५ अशा तीन काळांतली बॉयलर वाणं एकाच पद्धतीने वाढवून २०१४ मध्ये आकडे छापले. ५६ दिवसांची वजनं: ९०५ ग्रॅम, १,८०८ ग्रॅम आणि ४,२०२ ग्रॅम. खाद्य एकच, फरक फक्त रक्ताचा.

आपल्याकडे हा बदल मोठ्या प्रमाणावर आणला तो बी. व्ही. राव यांनी. १९७१ साली हैदराबादमध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाली, पुढे तिचं मुख्यालय पुण्यात आलं. १९८२ मध्ये अंड्यांचा भाव व्यापाऱ्यांऐवजी उत्पादकांनी ठरवावा म्हणून त्यांच्याच पुढाकाराने नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी उभी राहिली. टीव्हीवरची अंड्यांची जाहिरात ज्यांच्या कानात अजून वाजते, ती त्याच कमिटीची.

या फाळणीत एक जण मात्र कुठलाच उरला नाही: अंड्यांच्या जातीचा नर. तो अंडी देत नाही आणि मांसही धड चढत नाही. म्हणून जगभरच्या मोठ्या हॅचरींमध्ये त्याला पहिल्याच दिवशी मारून टाकलं जायचं, अजूनही अनेक ठिकाणी टाकतात. जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी घातली. मावशीच्या शंभरात निम्मे नरच निघणार होते, कारण तिने नर-मादी न निवडलेला लॉट घेतला होता. पण तिला त्याची चिंता नव्हती. चार-साडेचार महिन्यांच्या तांबड्या कोंबड्याला गावात बॉयलरपेक्षा चांगला भाव आहे. जत्रेला बॉयलर चालत नाही, बरं का!

सातवी रात्र

मी पुढच्या शनिवारी परत गेले. आठवड्याची वजनं केली: तपकिरी ६२ ग्रॅम, पिवळं १७४. तिप्पट! वागणंही वेगळं. तपकिरी पिल्लं रिंगणभर पळत होती, पंखांना पिसं फुटलेली, एकदोन तर पत्र्यावर उडी मारून बसलेली. पिवळी खाद्याच्या भांड्याभोवती मांडी ठोकून. खायचं, प्यायचं आणि तिथेच बसायचं. तपकिरींना भांड्यापर्यंत जायचं तर त्यांच्या पाठीवरून जावं लागे. आणि जाता जाता त्या पिवळ्यांच्या उघड्या पाठीवर चोच मारून जात. बॉयलरला पिसं उशिरा येतात, तांबूस कातडी दिसते आणि पिल्लांना लाल काही दिसलं की टोचायचंच असतं. म्हणजे धाकदपटशा दोन्हीकडून.

मेच्या अखेरीस बारामती-इंदापूर भागात प्रचंड पाऊस झाला होता, त्यानंतर लाइटचं काही खरं नव्हतं. त्या रात्री दोनच्या सुमाराला लाइट गेली. मला जाग आली ती आवाजाने. थंडी वाजली की पिल्लं चिवचिवत नाहीत, किंचाळतात. टॉर्च मारला तर सगळी एका कडेला, एकावर एक. मावशी काही न बोलता दोन्ही हातांनी ढीग उपसायला लागली. काकांनी मडक्यात निखारे आणून वर जाळी ठेवली. गोणपाट एका बाजूने उघडं ठेवलं, कारण बंद जागेत निखाऱ्यांचा धूर पिल्लांना मारतो, माणसांनाही. ढिगाच्या तळाशी तीन पिल्लं चेपून मेलेली निघाली. तिन्ही तपकिरी. वर बसलेली प्रत्येक पिवळी त्यांच्या तिप्पट वजनाची होती, दुसरं काय होणार?

तीन पिल्लं म्हणजे काय मोठं, असं आपण शहरात बसून म्हणू. मावशीने वहीत मरतुकीच्या रकान्यात तीन लिहिले आणि शेजारी आणखी एक आकडा टाकला. तिच्या अंदाजाने त्या तिघांतल्या निम्म्या तलंगा असत्या आणि प्रत्येकीने वर्षाला दीडशेच्या वर अंडी दिली असती. पिवळं पिल्लू मेलं की दोन किलो गेले. तपकिरी मेलं की दोन वर्षं गेली. तिचा हिशोब असा होता.

सकाळी तिने रिंगणाच्या मधोमध पुठ्ठा उभा केला. बल्ब दोन होतेच, एकेका बाजूला एकेक. तेवढ्याने चाललं, पण आठवडाभरच. कारण आता ऊबेची मागणीही वेगळी झाली. जाड अंगाची बॉयलर पिल्लं स्वतःच तापतात, दोन आठवड्यांतच बल्बपासून लांब सरकायला लागतात आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांना पंखा हवा. बारकी तपकिरी अजून ऊब मागत असतात. एका घरात एसीवरून जी भांडणं होतात, तशीच ही. शिवाय पिवळ्यांखालचं तूस रोज ओलं. इतकं खाणार-पिणार तर बाहेरही तितकंच टाकणार, आणि ओल्या तुसाचा अमोनिया सगळ्यांच्याच डोळ्यांना झोंबतो. चौदाव्या दिवशी वजनं निघाली ११२ आणि ४३६. त्या दिवशी पिवळ्यांची रवानगी गोठ्याच्या कडेला, ताडपत्रीच्या आडोशाला. एकत्र कुटुंब दोन आठवडे टिकलं.

माझ्या मते हीच खरी मुदत आहे. पहिले दहा-चौदा दिवस एक दाई दोघांना पुरते, आणि मावशीसारखीची त्यात खरंच बचत होते, वीज, जागा, जागरण सगळ्यात. त्यापुढे एकत्र ठेवणं म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या मुलीला अर्ध्या किलोच्या पहिलवानाबरोबर एकाच ताटात जेवायला बसवणं.

पंचांग बघून धंदा

बॉयलर वाढवणं सोपं, विकायचा दिवस पकडणं अवघड. जूनच्या अखेरीला तुकोबांची पालखी याच रस्त्याने गेली. बेलवाडीला रिंगण झालं, मग लासुर्णे, पुढे निमगाव केतकी, इंदापूर. त्या दिवसांत घरात मांस-अंड्याचं नाव नाही. पडवी वारकऱ्यांनी भरलेली आणि मागे ताडपत्रीआड अठ्ठेचाळीस बॉयलर चिवचिवत. एक आजीबाई पाणी पिता पिता डोकावल्या आणि म्हणाल्या, "कुणाची गं लेकरं?" मावशी नुसती हसली.

६ जुलैला आषाढी एकादशी झाली, मग आखाड. २४ तारखेला दीप अमावास्या, म्हणजे आपली 'गटारी', आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की भाव झोपणार. २० जुलैचा रविवार हा पिल्लांचा बरोबर बेचाळिसावा दिवस. आखाडाचा शेवटचा रविवार! मावशीने हे आधीच कालनिर्णयात बघून ठेवलं होतं, म्हणून तर ८ जून. त्या दिवशी सत्तेचाळीस बॉयलर गेले, सरासरी दोन किलो दोनशे ग्रॅमचे. त्याच दिवशी तपकिरी पिल्लांचं वजन होतं साडेचारशे ग्रॅम.

सत्तेचाळीसच का? कारण एक धाकटीने लपवला होता. तो पुढे चार किलोच्या वर गेला. दहा पावलं चालायचा आणि बसायचा. त्याच्या वयाच्या तलंगा आंब्यावर झोपायला जायच्या, हा खालून बघायचा. ऑक्टोबरच्या उन्हात एका दुपारी बसल्या जागी गेला. धाकटी दोन दिवस जेवली नाही. सहा आठवड्यांसाठी घडवलेलं शरीर त्याहून जास्त दिवस वापरलं तर काय होतं, हे मला कुठल्याही लेखापेक्षा त्याच्याकडे बघून जास्त कळलं.

पैशांचं म्हणाल तर चमत्कार झाला नाही. पिल्लं, खाद्य, औषध वजा जाता शिल्लक राहिली ती दोन हप्त्यांइतकी. जुलै आणि ऑगस्ट निघाले. सप्टेंबरचा हप्ता काकांच्या दुधाच्या पगारातून गेला, आणि ते मावशीला चांगलंच लागलं. बॉयलरची दुसरी बॅच तिने ऑगस्टच्या अखेरीला आणली, म्हणजे नवरात्र संपून दसरा झाला की विकायला तयार. त्यातून ऑक्टोबर-नोव्हेंबर सुटले. दिवाळीनंतर तांबडे कोंबडे एकेक करून जायला लागले. नोव्हेंबरच्या मध्याला पहिलं अंडं मिळालं, ३८ ग्रॅमचं, लिंबाएवढं. आता सेहेचाळीस तलंगा आहेत. अंडी जंक्शनच्या दोन दुकानांत जातात, पैसे दर शनिवारी मावशीच्या हातात.

मी विचारलं, "मावशी, पुढच्या जूनला परत दोन्ही एकत्र आणणार?"

"आणनार की. पर पुठ्ठा पहिल्या दिसापास्नं," ती म्हणाली. "आन् तू येताना पुण्यासनं त्ये थर्मामीटर आण. एक न्हाई, दोन."